रेवातीरीचे महेश्वर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत असताना व्याख्यानासाठी आमची आठवण व्हावी, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. विषय निवडण्याची मोकळीक कार्यवाहांनी आम्हांस दिली. प्रथम मनात आले की पुण्या-साताऱ्याकडील एखाद्या नदीकाठच्या गावाविषयी बोलावे. मायभूमीचे वर्णन ऐकून परमुलखातील मराठी माणसाचे मन भरून येतेच. परंतु विचारान्ती असे वाटले की, आपण सारे ज्या अवस्थेत आहोत तिचेच प्रतिबिंब ज्या गावात दिसेल, असे गाव निवडावे. म्हणून आज आम्ही आपणांस नर्मदेच्या उत्तर तीरावरील महेश्वरास घेऊन जाणार आहोत. हे गाव महाराष्ट्रात नाही, निमाडात आहे. पण मराठी माणूस घरापासून दूर गेला म्हणजे काय घडवू शकतो आणि काय गमावू शकतो, या दोन्ही गोष्टी तेथे एकाच घाटावर उभे राहून पाहता येतात. शिवाय महेश्वर हे आमचे आजोळ. तेव्हा इतिहासाबरोबर थोडे घरगुती बोलणे झाले, तर श्रोत्यांनी ते गोड मानून घ्यावे.

महेश्वर हे मध्यप्रदेशातील खरगोन जिल्ह्यातील गाव. इंदुराहून ते सुमारे नव्वद किलोमीटरांवर आहे. विंध्याचा घाट उतरून माळव्याच्या पठारावरून निमाडाच्या सखल भागात आले की हवा बदलते, माती बदलते, कापसाची शेते दिसू लागतात आणि मग एकाएकी नर्मदेचे विस्तीर्ण पात्र समोर येते. नदी येथे पूर्वेकडून पश्चिमेस वाहते. गावापासून थोडे पुढे गेल्यावर खडकांच्या रांगांतून तिचे असंख्य प्रवाह फुटतात. त्या जागेस सहस्रधारा म्हणतात. सहस्रार्जुनाने आपल्या हजार हातांनी नर्मदा अडविली आणि ती त्याच्या बोटांतून निसटली, अशी कथा गावातील लहान मूलही सांगते. पुराणांतील माहिष्मती नगरी ती हीच, अशी येथील परंपरा आहे.

पुराणकथा बाजूस ठेवली तरी गावाचे वय लहान ठरत नाही. १९५२-५३ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी महेश्वर व समोरच्या दक्षिण तीरावरील नावडातोली येथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. सुब्बाराव आणि डॉ. शां. भा. देव यांनी त्याचा वृत्तांत १९५८ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे नावडातोलीस आणखीही उत्खनन झाले. नावडातोली म्हणजे नावाड्यांची वस्ती. त्या टेकाडाखाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे सापडली. कुडाच्या भिंती, मातीने लिंपलेल्या जमिनी, तांबूस भांड्यांवर काळ्या रंगाने काढलेली नक्षी. आणि गहू, मसूर, मूग, उडीद, वाटाणा, जवस, बोरे व आवळे यांचे जळून कोळसा झालेले दाणे! म्हणजे होळकर येण्यापूर्वी, कोणतेही राज्य येण्यापूर्वी, या काठावर कोणी तरी सकाळी घागर घेऊन पाण्यास उतरत होते आणि संध्याकाळी मसुरीचे वरण शिजवीत होते. राज्ये या नदीकाठी पाहुणी म्हणून आली; खरे घर येथे नदीचे आणि तिच्या काठी राबणाऱ्यांचे. महेश्वरचा इतिहास वाचताना हे सूत्र ध्यानात ठेवले पाहिजे.

आता ज्या पाहुणीने या गावास आपले घर मानले तिच्याकडे वळू. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावचा. होळकरांच्या घरी त्या सून म्हणून आल्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले. १७६७ साली एकुलता एक मुलगा मालेराव गेला. ज्या स्त्रीचे सर्व आधार तेरा वर्षांत एकामागून एक तुटले, तिने राज्याचा कारभार हाती घेतला आणि राहण्यासाठी महेश्वर निवडले. तेथून १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, हे नदीकाठचे गाव होळकरशाहीची राजधानी होते.

राजधानी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संगमरवरी महाल उभे राहतात. महेश्वरच्या किल्ल्यातील वाडा पाहून प्रवासी बुचकळ्यात पडतात. लाकडी खांब, चौक, ओसरी, बैठक. पुणे किंवा नाशिककडील एखाद्या सरदाराचा वाडा उचलून नर्मदेवर ठेवावा, तसा तो दिसतो. बाईंची गादी तेथे अद्याप दाखवितात. या वाड्यात त्यांचा दिवस कसा जात असे, याची हकीकत आपणांस ठाऊक आहे ती मुख्यतः सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यामुळे. बाईंच्या मृत्यूनंतर सुमारे पाव शतकाने तो माळव्यात आला, बाईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडून त्याने माहिती गोळा केली आणि १८२३ साली ती ग्रंथरूपाने छापली. त्याच्या सांगण्याप्रमाणे बाई सूर्योदयापूर्वी तासभर उठत. स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन झाल्यावर साधे शाकाहारी जेवण, थोडी विश्रांती, दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत दरबार, मग पुन्हा पूजा व फराळ, आणि रात्री नऊ ते अकरा पुन्हा राज्याची कामे. परक्या मुलखातील एका शत्रुपक्षीय अधिकाऱ्याने एका विधवा राणीविषयी एवढ्या आदराने लिहावे, यातच सर्व काही आले.

माल्कमने दिलेल्या माहितीतील एक लहानशी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. काशीविश्वेश्वराचे मंदिर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद ही बाईंची मोठी कामे सर्वांना माहीत आहेत. परंतु महेश्वरच्या आसपासच्या शेतांत भर उन्हात नांगरास जुंपलेले बैल थांबवून बाईंचे नोकर त्यांना पाणी पाजीत. पाखरांनी निर्धास्तपणे दाणे टिपावेत म्हणून काही शेते विकत घेऊन ठेवली होती. नदीतील माशांनाही खाऊ घालीत. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया असत. ही कामे करावयास मोठा खजिना लागत नाही, नजर लागते. आपण ज्या मातीवर येऊन राहिलो तेथील बैल, पाखरू, मासोळी यांचेही आपण देणे लागतो, हे ज्याला उमगले तो परगावी राहिला तरी परका राहत नाही.

बाईंबरोबर कारकून, शास्त्री, कीर्तनकार, शिलेदार, आश्रित अशी मराठी माणसे महेश्वरात आली. दरबाराचा पत्रव्यवहार मराठीत, मोडी लिपीत चाले. पेशव्यांचे वकील तेथे राहून पुण्यास बातम्या लिहून पाठवीत; ती पत्रे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी पुढे ‘महेश्वर दरबारचीं बातमीपत्रें’ या नावाने छापली. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी महेश्वरी आले असता बाईंनी त्यांना लावणी सोडून कीर्तनाकडे वळविले, असे परंपरा सांगते. म्हणजे दक्षिणेतून निघालेली भाषा विंध्याच्या पायथ्याशी येऊन राज्यकारभाराची, न्यायाची आणि देवळातील कीर्तनाची भाषा झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; तिच्याकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत.

पण बाईंनी या गावास दिलेली सर्वांत टिकाऊ देणगी म्हणजे माग. बाहेरून कसबी विणकर आणवून बाईंनी त्यांना येथे वसविले, असे सर्वजण सांगतात. पाहुण्यांना आणि आप्तांना द्यावयास लुगडी आणि पागोट्याचे कापड गावातच व्हावे, आणि गावातील हातांना काम मिळावे, हा हेतू. महेश्वरी लुगडे पूर्वी निव्वळ सुती असे. पुढे रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा आला. त्याच्या पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि दोन पांढरे. काठांची नावे ऐकली तर वाटते की विणकराने घाटावर बसूनच ती ठेविली: वीट, चटई, लहेर, चमेलीचे फूल. किल्ल्याच्या आणि देवळांच्या दगडावर कोरलेली नक्षी आणि नदीच्या पाण्यावर उठणारी लाट, दोन्ही कापडावर उतरल्या. विणणाऱ्यांत मोमीन-अन्सारी घराणी आहेत तशी हिंदू घराणीही आहेत. शिवभक्त राणीने उभारलेला हा धंदा दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

किल्ल्याच्या पायथ्याशी घाट आहेत: अहिल्याघाट, पेशवेघाट, फणसेघाट आणि इतर. पायऱ्यांवर ठिकठिकाणी दगडी शिवलिंगे आहेत. समोर नदीच्या पात्रात बाणेश्वराचे लहानसे देऊळ आहे. राजराजेश्वराच्या मंदिरात तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवतात. घाटाचे सौंदर्य वर्णावे तेवढे थोडे. तथापि या घाटाने दुःखही तेवढेच पाहिले आहे. १७९१ साली बाईंचे जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने तिची परोपरीने विनवणी केली. राज्याची मालकीण असलेली ती वृद्ध माता मुलीच्या पायांशी आली, पण मुलीचा निश्चय ढळला नाही. चितेच्या वेळी बाई नदीकाठी उभ्या होत्या. दोघांनी त्यांचे हात धरले होते. सर्व संपल्यावर त्यांनी नर्मदेत स्नान केले आणि तीन दिवस अन्न घेतले नाही, कोणाशी बोलल्याही नाहीत. त्यानंतर त्या पुन्हा कामास लागल्या. आज आपण त्या घाटावर उभे राहून सूर्यास्ताची छायाचित्रे काढतो, तेव्हा या दगडांस आणखी काय ठाऊक आहे हेही क्षणभर मनात आणावे.

१७९५ साली बाई गेल्या. १७९९ च्या आरंभी यशवंतराव होळकरांनी महेश्वरात राज्याभिषेक करविला. १८०१ साली पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने ज्यांना क्रूरपणे मारविले त्या विठोजीरावांची छत्री याच घाटावर, बाईंच्या छत्रीमंदिरासमोर आहे. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई झाली, पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला, आणि १८१८ साली राजधानी इंदुरास गेली. कारभार गेला, फौज गेली, दफ्तर गेले. राजधानी गेली की गावे ओस पडतात, असा सर्वत्र अनुभव आहे. महेश्वर निस्तेज झाले हे खरे, पण ओस पडले नाही. का पडले नाही? कारण नदी कोठे गेली नाही, देव गेले नाहीत आणि माग गेले नाहीत. दरबाराच्या कृपेवर जे जगत होते ते दरबाराबरोबर गेले. रोजच्या कामात जे मिसळले होते ते राहिले.

आता आमच्या आजोळाविषयी. आईचे घराणे होळकरांच्या पदरी कारकुनी करणाऱ्यांपैकी. राजधानी हलली तेव्हा घरातील एक शाखा इंदुरास गेली, एक महेश्वरातच राहिली. १९६०च्या दशकात दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे आईबरोबर तेथे जात असू. मीटरगेजच्या गाडीने बडवाह स्टेशनावर उतरावयाचे आणि मंडलेश्वरावरून मोटारीने महेश्वर गाठावयाचे. मोटारीत कोणी नवा माणूस चढला की ‘नर्मदे हर’ म्हणे आणि सारी मोटार त्याला ‘नर्मदे हर’ म्हणून उत्तर देई. आमच्या दृष्टीने सुट्टी तेथेच सुरू होत असे.

आजीचा दिवस नदीने सुरू होई. पहाटे ती आम्हांस उठवून घाटावर नेई. पाण्यात पाय घालण्याआधी वाकून हाताने पाणी डोळ्यांस लावावे, अशी तिची सक्त ताकीद होती. “आईच्या अंगावर पाय द्यायचा तर आधी तिची क्षमा नको का मागायला?” असे ती म्हणे. घाटावर त्या वेळी सारे गाव भेटे. सूर्याला अर्घ्य देणारे वृद्ध, कपडे धुणाऱ्या बायका, जाळे आवरणारे केवट, पलतीराहून नावेने भाजीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बाया. किल्ल्यातील वाड्याच्या देवघरात रोज सकाळी मातीची लहान लहान शिवलिंगे करून, त्यांची पूजा करून, ती नर्मदेत सोडण्याची प्रथा बाईंच्या काळापासून चालत आलेली. रोज करावयाचे आणि रोज विसर्जित करावयाचे, यात काय अर्थ आहे, असे आम्ही एकदा आजीस विचारले. ती म्हणाली, “स्वैपाक नाही का रोज करत?” या उत्तराइतके समर्पक उत्तर पुढे आम्हांस कोणत्याही ग्रंथात मिळाले नाही.

आजी तीन भाषांत वावरे. आमच्याशी मराठी, भाजीवालीशी निमाडी आणि पोस्टमनशी हिंदी. जेवणात वरणभात असे तशी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजीही असे. चैत्रात आमच्या घरी चैत्रगौर बसे; आंब्याची डाळ आणि पन्हे होई. त्याच दिवसांत निमाडी घरांत गणगौर असे. टोपल्यांत गव्हाचे जवारे उगवून, रणुबाईची गाणी म्हणत बायका ते जवारे मिरवीत नदीवर नेत. आजी त्यांच्या गणगौरीस जाई, त्या आमच्या हळदीकुंकवास येत. गौर एकच, एका घरी ती पन्हे पिते आणि दुसऱ्या घरी जवाऱ्यांत बसते, एवढाच फरक. शेजारच्या गल्लीत अन्सारींचे घर होते. तेथील खड्डामागाचा खटखट आवाज दिवसभर ऐकू येई. तो थांबला की दुपारच्या जेवणाची वेळ झाली असे समजावे.

अधूनमधून दारात परिक्रमावासी येत. नर्मदेची परिक्रमा करणारा नदी सदैव उजव्या हातास ठेवतो आणि पात्र ओलांडीत नाही. ओंकारेश्वराहून निघालेला माणूस दक्षिण तीराने समुद्रापर्यंत जाऊन उत्तर तीराने परततो, आणि नर्मदेच्या उगमापर्यंत जाऊन पुन्हा दक्षिण तीराने ओंकारेश्वरी येतो. त्यांत मराठी माणसे पुष्कळ असत. दारात ‘नर्मदे हर’ ऐकू आले की आजी शिधा घेऊन जाई, आणि समोरचा माणूस मराठी निघाला की तिचा चेहरा उजळे. “कुठले आपण?” हा तिचा पहिला प्रश्न. गावाचे नाव ऐकून तिला काय मिळत असे, हे तेव्हा आम्हांस कळत नव्हते. आज या सभागृहात बसलेल्या प्रत्येकास ते कळेल.

येथे आम्हांस एक गोष्ट कबूल करावयाची आहे. आजोळच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधलेले दोन रुमाल होते. त्यांत जुने मोडी कागद होते. आजोबा होते तोवर ते दसऱ्यास रुमाल खाली काढीत, झटकीत आणि एखादा कागद आम्हांस वाचून दाखवीत. त्यांतील एकच आमच्या स्मरणात आहे: विणकरांना दिलेल्या सुताच्या उचलीचा हिशेब. नावे आणि आकडे, एवढेच. आम्हा मुलांना तो कंटाळवाणा वाटे. आजोबा गेले, काही वर्षांनी आजीही गेली. १९७४ साली मामांनी घर विकून इंदुरास जाण्याचे ठरविले. सामानाची आवराआवर करताना ते रुमाल पुढे आले. कागदांस वाळवी लागू लागली होती. मामांना मोडी येत नव्हती, मामींना येत नव्हती, आईस येत नव्हती, आम्हांस तर नव्हतीच. टाकून देणे पाप; ठेवावे तर वाचणार कोण? मामांनी शास्त्राप्रमाणे तोड काढली: जीर्ण पोथ्या नदीत विसर्जित करतात, तसे हेही करावे.

ते काम आमच्याकडे आले. केवटाच्या नावेतून आम्ही बाणेश्वराच्या पुढे गेलो, हात जोडले आणि दोन्ही रुमाल पाण्यात सोडले. फडके फुगले, थोडा वेळ तरंगले आणि खाली गेले. त्या वेळी मनास समाधान वाटले, हे सांगावयास आज लाज वाटते. दोन वर्षांनी पुण्यात एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांशी सहज बोलताना आम्ही हे सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, “काय होतं त्यात?” आम्हांस उत्तर देता आले नाही. कोणी आम्हांस मराठी बोलण्यास बंदी केली नव्हती. कोणी आमचे कागद हिसकावून घेतले नव्हते. एका पिढीने शिकविले नाही, दुसरीने विचारले नाही, आणि तिसरीने हात जोडून ते बुडविले. भाषा आणि लिपी घरातून जाते ती अशी, भांडण न करता, चांगल्या मुहूर्तावर.

त्यानंतर अनेक वर्षे आम्ही महेश्वरास गेलो नाही. दरम्यान नदीकाठी पुष्कळ बदलले. १९७८ साली मंडलेश्वराजवळच्या जलूद येथून नर्मदेचे पाणी उचलून सुमारे सत्तर किलोमीटरांवरील इंदुरास पोहोचविण्यात आले. जी नदी सोडून राजधानी गेली होती, तिच्याचकडे शहरास दीडशे वर्षांनी पाण्यासाठी यावे लागले. वरच्या अंगास इंदिरासागर आणि ओंकारेश्वर ही धरणे झाली. मंडलेश्वराजवळ महेश्वर जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू झाले. बुडिताखाली जाणाऱ्या गावांच्या लोकांनी १९९८ च्या जानेवारीत हजारोंच्या संख्येने धरणाच्या जागी ठाण मांडले. पुढे या प्रकल्पाची वीजखरेदी राज्यसरकारने २०२० साली रद्द केली. धरणांची बाजू कोणती आणि विरोधकांची कोणती, याचा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. एवढेच सांगतो की पूर्वी पाण्याची चढउतार पावसाळा सांगत असे. आता ती वरच्या धरणांच्या दारांवरही अवलंबून असते.

मागांचे मात्र सुदैवाने पुनरुज्जीवन झाले. मधल्या काळात गिरणीच्या कापडापुढे हातमाग खालावले होते. १९७९ साली होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी ‘रेवा सोसायटी’ स्थापन केली. तिने विणकर स्त्रियांना काम आणि मालास बाजार मिळवून दिला. आज महेश्वरी साडी देशभर जाते. आपल्या सभेतच दोनचार महेश्वरी साड्या आम्हांस या क्षणी दिसत आहेत.

२०१९ साली आम्ही पुन्हा महेश्वरास गेलो, तेव्हा आजीचे एक जुने नऊवारी लुगडे बरोबर नेले होते. अन्सारींच्या त्या गल्लीत गेलो. म्हातारे वारले होते. नातू मागावर बसला होता. आम्ही लुगडे त्याच्या हाती दिले. त्याने काठ दोन बोटांत धरला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला की हा चटईचा काठ. दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणजे बुगडी. आणि सूत एवढे बारीक आहे की विणणारा हात पक्का असला पाहिजे. मग थोडे थांबून म्हणाला, “हमारे घर का भी हो सकता है.” त्या तरुणाने आपल्या आजोबांच्या पिढीचे कापड वाचले. आम्हांस आमच्या आजोबांचा कागद वाचता आला नव्हता. त्याची विद्या शाळेत शिकविली जात होती म्हणून टिकली असे नाही. ती रोज हाताखाली होती म्हणून टिकली. आमची विद्या लाल फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलेली होती आणि दसऱ्याच्या दसऱ्यास तिची पूजा होत होती.

सज्जनहो, आमचे सांगणे एवढेच आहे. गेली पन्नास वर्षे आपल्या मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके केली, हळदीकुंकवे केली. हे सर्व हवेच. पण भाषेचा सण केला म्हणजे भाषा जगते, असा समज करून घेऊ नये. सण म्हणजे दसऱ्याचा रुमाल. घरात जेवताना, भांडताना, हिशेब लिहिताना, मुलास रागावताना मराठी असेल तर ती माग आहे. मंडळाच्या कपाटात पन्नास वर्षांची इतिवृत्ते आहेत. ती हाताने लिहिलेली आहेत. आमची नम्र सूचना अशी की, दर महिन्याच्या सभेत त्यांतील एक पान मंडळातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने मोठ्याने वाचावे. अडखळले तर अडखळू द्यावे. शेजारी आजोबांनी बसावे.

आणि त्याचबरोबर, ज्या गावाने आपणांस पोट दिले, त्या गावाचे देणेही विसरू नये. अहिल्याबाई निमाडात मराठीच राहिल्या, आणि तरीही आजचा निमाडी माणूस त्यांना ‘माँसाहेब’ म्हणतो, ‘परदेशी राणी’ म्हणत नाही. दसऱ्यास महेश्वरात होळकरांची पालखी निघते, तेव्हा ती पाहावयास जमणाऱ्यांत मराठी बोलणारे थोडे आणि निमाडी बोलणारे फार असतात. बैलाला पाणी पाजणाऱ्या हाताची भाषा कोणी विचारीत नाही, आणि असा हात कोणाला परका वाटत नाही. आपली भाषा घट्ट धरावी आणि हात सैल सोडावा, हे महेश्वरने आम्हांस शिकविले. त्यातील पहिला अर्धा भाग आम्ही उशिरा शिकलो.

आपले मंडळ शताब्दी साजरी करील तेव्हा आम्ही नसू. त्या वेळी कोणी तरी आजची ही स्मरणिका कपाटातून काढील. ती त्याला वाचता यावी, एवढेच मागणे रेवामाईपाशी मागून आम्ही आपली रजा घेतो.

नर्मदे हर.